विषाणू आपली प्रत कशी काढवितो ?



आजच्या भाषणाचें नांव ऐकून कित्येकांना वाटलें असेल कीं, हा विषय वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा. गृहस्थाश्रमी माणसांना त्याचें काय प्रयोजन? परंतु ठाणें, कल्याण, डोंबिवली या आपल्या गांवांत असें घर सांपडणें कठीण कीं, जेथें २०२० सालापासून 'विषाणू' हा शब्द भीतीनें उच्चारला गेला नाहीं. शब्द सर्वांच्या तोंडीं बसला. तो विषाणू शरीरांत शिरून करतो काय, हें मात्र थोड्यांनाच उमगलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक जुना शाळामास्तर. अवघड धडा फळ्यावर सोपा करून मांडणें, हाच माझा जन्मभरचा उद्योग. त्याच रीतीनें आज मी एकाच प्रश्नाचा उलगडा करणार आहें : आपल्या पेशींत शिरलेला विषाणू स्वतःची पहिली प्रत काढण्यास आरंभ कसा करतो ? आणि आपल्या लेकीसुनांच्या आरोग्याशीं या आरंभाचा संबंध काय ?

विषाणूंच्या जाती अनेक. त्यांतील एकच कुळ आपण उदाहरणासाठीं घेऊं. त्याचें नांव मानवी पॅपिलोमा विषाणू. आद्याक्षरांवरून त्याला 'एचपीव्ही' म्हणतात. हातापायांवर ज्या चामखिळी उठतात त्या या कुळांतील कांहीं जातींच्या करणीनें, आणि स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाला होणारा कर्करोग उद्भवतो तोहि याच कुळांतील दुसऱ्या कांहीं जातींमुळें. त्यांत १६ आणि १८ या क्रमांकांच्या जाती अग्रगण्य आहेत. २०२० सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें त्या एका वर्षांत भारतामध्यें या कर्करोगाचे सुमारें १ लाख २४ हजार नवे रुग्ण आढळले आणि ७७ हजारांहून अधिक स्त्रिया त्यानें दगावल्या. विषय किती जवळचा आहे, हें या आंकड्यांवरून ध्यानांत येईल.

प्रथम आपल्या पेशीचें घर पाहूं. पेशीच्या मध्यभागीं केंद्रक असतें व त्यांत डीएनए नांवाचा पदार्थ असतो. आगगाडीचे दोन रूळ व त्यांना जोडणारे स्लीपर डोळ्यांपुढें आणा, आणि ती सारी जोडी दोरीसारखी पिळली आहे अशी कल्पना करा. म्हणजे डीएनएचा आकार समजेल. यांतील प्रत्येक स्लीपर अखंड नसून मधोमध जुळविलेल्या दोन तुकड्यांचा असतो. हे तुकडे म्हणजे जणूं अक्षरें. अक्षरें एकंदर चार, आणि कोणत्या अक्षरासमोर कोणतें यावें हें ठरलेलें. त्यामुळें रुळांची जोडी मधून उकलली, तर प्रत्येक अर्ध्या भागावरून उरलेला अर्धा बिनचूक भरून काढतां येतो. एका डीएनएचे दोन होतात ते असे. आईकडून आलेल्या एका संचांत अशा अक्षरजोड्या सुमारें ३०० कोटी असतात. वडिलांकडून आलेल्या संचांतहि जवळजवळ तितक्याच.

कल्याणला मुंबईकडून आलेला लोहमार्ग दुभंगतो. एक फांटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. डीएनएची प्रत निघतांना दोन धागे जेथें अलग होतात, त्या जागेचें चित्र अगदीं असेंच दिसतें. फरक इतकाच कीं, कल्याणचा फांटा जागचा हलत नाहीं. डीएनएचा फांटा मात्र पुढें पुढें सरकत जातो, आणि त्याच्या मागें नवे रूळ घातले जातात.

हें काम वाटेल तेथें व वाटेल तेव्हां सुरू होत नाहीं. एकेरी मार्गावर लाईन क्लिअर मिळाल्यावांचून स्टेशनमास्तर गाडी सोडीत नाहीं, आणि एका गाडीसाठीं मिळालेल्या परवानगीवर दुसरी गाडी हांकतां येत नाहीं. पेशीचा कारभार असाच चालतो. आपल्या डीएनएवर प्रत काढण्याचीं हजारों आरंभस्थानें आहेत. पेशी दुभंगण्यापूर्वीं या स्थानांवर प्रथिनांचा एक समूह बसून परवाना देतो. काम सुरू होतांच तो परवाना रद्द होतो. एका फेरींत एका स्थानावरून एकदांच आरंभ, हा तेथील कडक नियम. तो मोडला तर डीएनएचा कांहीं भाग दोनदां लिहिला जाईल, आणि पेशीच्या हिशेबांत घोटाळा माजेल.

आतां विषाणूकडे वळूं. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले, तर एचपीव्हीच्या कणाची रुंदी त्यांपैकीं सुमारें ५५ भाग भरेल. वरून प्रथिनांचें कवच आणि आंत डीएनएचें एक वर्तुळ, एवढाच त्याचा संसार. या वर्तुळांत सुमारें ८ हजार अक्षरजोड्या व अवघीं आठ-नऊ जनुकें असतात. प्रत काढण्यासाठीं जीं अवजारें लागतात, अक्षरें जुळविणारें विकर, तुकडे सांधणारें विकर, पीळ सैल करणारें विकर, त्यांपैकीं कांहींहि त्याच्या गांठोड्यांत नसतें. तेव्हां तो जिवंत पेशीच्या घरांत शिरतो आणि तेथील अवजारांवर डोळा ठेवतो. त्वचेच्या अथवा गर्भाशयमुखाच्या अस्तराला सूक्ष्म ओरखडा पडला कीं, त्यांतून तो सर्वांत खालच्या थरांतील पेशींपर्यंत पोंचतो व आपलें वर्तुळ केंद्रकांत पोंचवितो.

केंद्रकांत पोंचलेलें तें वर्तुळ पेशीची यंत्रणा आपलें समजून वाचते, आणि त्यांतील आज्ञांप्रमाणें प्रथिनें तयार करून देते. आरंभींच्या काळांत जीं प्रथिनें निर्माण होतात त्यांतील दोन आपल्या कामाचीं आहेत. त्यांना शास्त्रज्ञ 'ई-१' आणि 'ई-२' म्हणतात. पहिली प्रत काढण्याचा सारा डाव या दोघांचा.

ई-२ हा वाटाड्या. वर्तुळावर एके ठिकाणीं विषाणूचें आरंभस्थान असतें, आणि त्याच्या आजूबाजूस बारा अक्षरांची एक विशिष्ट खूण कांहीं वेळां लिहिलेली असते. ई-२ चे दोन रेणू जोडीनें येऊन ती खूण ओळखतात व तेथें घट्ट बसतात. ई-१ हा उकलणारा. त्याच्या अंगीं बळ आहे, परंतु योग्य जागा ओळखण्याची दृष्टि मंद आहे. एकटा असतां तो डीएनएवर कोठेंहि सैलसर चिकटतो. ई-२ त्याचा हात धरून त्याला नेमक्या आरंभस्थानावर आणून बसवितो.

तेथें बसल्यावर जें घडतें तें मोठें मनोवेधक आहे. पेशीमध्यें एटीपी नांवाचा शक्तीचा साठा असतो. कोणतेंहि कष्टाचें काम त्याच्या बळावर चालतें. तो वापरला जातांच ई-२ बाजूस होतो, कारण त्याचें वाट दाखविण्याचें काम संपलें. ई-१ चे आणखी रेणू जमतात, आणि त्यांच्या दाबानें तेथील अक्षरांच्या जोड्या सुटून डीएनए किंचित् उघडतो. पुढें सहा सहा रेणूंचीं दोन कडीं तयार होतात. प्रत्येक कडें एकेका धाग्याभोंवतीं बसतें आणि तो धागा आपल्या पोटांतून ओढून घेत डीएनए उकलीत जातें. २००६ सालीं अमेरिकेंतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील एरिक एनेमार्क व लिमोर जोशुआ-टोर यांनीं अशा एका कड्याची, गुरांना होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूच्या ई-१ ची, बारकाईनें रचना दाखविली. सहा रेणूंचे सहा लहान हात गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें वरखालीं मांडलेले असतात. एक हात धाग्याला धरून खालीं येतो, तों दुसरा वर जाऊन पुढचा घांस धरतो. विहिरीच्या रहाटाचा दोर सहा जणांनीं आळीपाळीनें ओढावा, तसा हा प्रकार आहे.

धागे उघडे पडले, आणि आतां पेशीची मंडळी कामाला येतात. उघड्या धाग्यावर आवरण घालणारें प्रथिन, पहिलीं कांहीं अक्षरें मांडणारें विकर, पीळ सैल करणारें विकर यांना ई-१ स्वतःकडे ओढून घेतो. त्यांच्या मागून मुख्य लेखनिक विकर येतें व साखळी पुढें वाढविते. आरंभस्थानापासून दोन फांटे विरुद्ध दिशांना निघतात, वर्तुळाला वळसा घालून समोरासमोर येतात, आणि एका वर्तुळाचीं दोन वर्तुळें होतात. या सर्व खटाटोपांत विषाणूनें आपल्या पदरचें काय खर्च केलें ? केवळ दोन प्रथिनें. बाकीचें सामान, मजुरी आणि शक्ति सारी यजमानाची !

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पेशीच्या स्वतःच्या आरंभस्थानांना परवाना लागतो. ई-१ त्या परवान्याची विचारपूस करीत नाहीं. म्हणून पेशीची प्रत एकदां निघते त्या अवधींत विषाणूच्या प्रती अनेकदां निघूं शकतात.

हें ज्ञान मिळविण्याच्या कामीं दुसऱ्या एका विषाणूचें मोठें साहाय्य झालें. पोलिओची लस तयार करण्यासाठीं माकडांच्या मूत्रपिंडांतील पेशी वाढवीत असत. त्या पेशींत १९६० सालीं एक नवा विषाणू आढळला. त्याला एसव्ही-४० हें नांव पडलें. उत्तर भारतांत आढळणारें ऱ्हीसस माकड हा त्याचा मूळचा आश्रयदाता. या विषाणूचें एकच प्रथिन जागाहि ओळखतें व डीएनएहि उकलतें. म्हणजे ई-१ व ई-२ यांचें काम तें एकट्यानें करतें. १९८४ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जोकिम ली आणि थॉमस केली यांनीं हें प्रथिन, विषाणूचें आरंभस्थान असलेला डीएनए आणि पेशींचा अर्क हीं कांचेच्या नळींत एकत्र केलीं, आणि जिवंत पेशीच्या बाहेर प्रत निघूं लागली ! मग अर्कांतील एकेक घटक वेगळा करून कोण काय काम करतो, हें पाहतां आलें. आपल्याच पेशींतील अवजारांची ओळख आपल्याला पुष्कळ अंशीं या परक्या पाहुण्यानें करून दिली.

एचपीव्ही मात्र लगेच धुमाकूळ घालीत नाहीं. खालच्या थरांतील पेशींत तो थोड्याच प्रती ठेवतो. पेशी दुभंगली कीं ई-२ त्या वर्तुळांना पेशीच्या गुणसूत्रांशीं बांधून ठेवतो, म्हणजे दोन्ही लेकींच्या वांट्याला विषाणू येतो. या पेशी वरच्या थरांत सरकूं लागल्या म्हणजे त्यांचें दुभंगणें थांबतें, आणि प्रत काढण्याचीं अवजारेंहि आवरून ठेवलीं जातात. अवजारें नाहींत तर विषाणूची प्रत कोठून निघणार ? म्हणून त्याचें ई-७ नांवाचें प्रथिन पेशीच्या पहारेकरी प्रथिनाला निकामी करतें आणि पेटींत ठेवलेलीं अवजारें पुन्हां बाहेर काढावयास लावतें. पेशींत कांहीं विपरीत चाललें आहे असें जाणून तिला थांबविणारें अथवा मारणारें दुसरें एक रक्षक प्रथिन असतें. त्याचा नाश ई-६ करवितें. मग वरच्या थरांत हजारों प्रती निघतात, कवचांत भरल्या जातात आणि गळणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतात. बहुतेक स्त्रियांच्या बाबतींत शरीराची संरक्षणशक्ति वर्ष-दोन वर्षांत हा संसर्ग मोडून काढते, आणि त्या बाईला त्याची वार्ताहि नसते.

कांहीं थोड्या जणींच्या शरीरांत मात्र तो वर्षानुवर्षें टिकतो, आणि तेथें एक अपघात होऊं शकतो. वर्तुळ तुटतें आणि पेशीच्या गुणसूत्रांत अडकून बसतें. अशा पुष्कळ कर्करोगांत तें नेमकें ई-१ व ई-२ यांच्या जनुकांपाशीं तुटलेलें आढळतें. प्रत काढण्यास वाट दाखविणारा ई-२ हाच ई-६ व ई-७ यांच्यावर लगामहि ठेवीत असतो. तो गेला कीं लगाम सुटला. पेशीचे पहारेकरी कायमचे निकामी होतात आणि ती बेबंद वाढूं लागते. यांत विषाणूचा लाभ कांहींच नाहीं, कारण त्या पेशींतून नवे विषाणू निघत नाहींत. हा कर्करोग म्हणजे विषाणूच्या दृष्टीनें बिघडलेला डाव. किंमत मात्र त्या स्त्रीला मोजावी लागते.

याचें प्रसिद्ध उदाहरण बाल्टिमोरचेंच आहे. १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स या ३१ वर्षांच्या स्त्रीला या रोगानें मृत्यू आला. तिच्या गांठींतील पेशी डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत वाढविल्या गेल्या. तिची संमति मात्र कोणी घेतली नव्हती. त्या 'हेला' पेशी आजहि जगभर वाढत आहेत. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेनें १९८३-८४ च्या सुमारास १६ व १८ या जातींचे विषाणू ओळखले, आणि हेला पेशींत १८ वी जात दडलेली सांपडली. या कार्यासाठीं त्यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हेला पेशींत ई-२ चें जनुक नष्ट झालेलें आहे. प्रयोगशाळेंत त्यांना ई-२ पुन्हां मिळवून दिलें तेव्हां त्यांची वाढ थांबली. लगामाची गोष्ट केवळ कल्पना नव्हती, याचा हा पुरावा.

याच डॉ. गाय यांच्याकडे पेशी वाढविण्याची विद्या एका मराठी स्त्रीनें आत्मसात केली, हें आपल्याला भूषणावह आहे. पुण्यांत १९१७ सालीं जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं मुंबईस परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत पेशीसंवर्धनाची देशांतील पहिली प्रयोगशाळा उभारली, आणि उंदरांतील कर्करोग व विषाणू यांच्या संबंधाचा अभ्यास केला. त्या संस्थेची परंपरा आतां टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधन संस्थेंत चालू आहे. ठाण्याहून पनवेलकडे जाणारी गाडी खारघरावरूनच जाते.

आतां कोणी विचारील, ई-१ आणि ई-२ यांची करणी इतकी ठाऊक आहे, तर त्यांवर औषध कां नाहीं ? याचें उत्तर आजच्या साऱ्या भाषणाचें सार आहे. नागिणीचा विषाणू अक्षरें जुळविणारें विकर स्वतःचें आणतो. म्हणून त्या विकरावर घाव घालणारें असायक्लोव्हिर हें औषध विषाणूला मारतें आणि आपल्याला फारसें बाधत नाहीं. एचपीव्ही मात्र अवजारें आपलींच वापरतो. त्या अवजारांवर घाव घातला तर तो आपल्यावरच पडतो. ई-१ व ई-२ यांना थोपविणारें औषध अद्यापि वैद्यांच्या हातीं आलेलें नाहीं. चोरानें बरोबर कांहींच आणलें नसेल, तर त्याच्याजवळचें हत्यार काढून घेणार तरी काय ? अशा चोराविरुद्ध दोनच उपाय उरतात : तो शिरण्यापूर्वीं दार लावणें, अथवा शिरला असेल तर घर पेटण्यापूर्वीं शोध घेणें.

दार लावणें म्हणजे लस. या लशींत विषाणूच्या कवचाचें प्रथिन तेवढें असतें. आंत डीएनए नसतो, म्हणून ई-१ नाहीं, ई-२ नाहीं, आणि प्रत निघण्याचा संभवच नाहीं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें बनविलेल्या सर्व्हाव्हॅक या लशीला २०२२ सालीं परवाना मिळाला. २००९ सालीं बार्शी, पुणें आणि देशांतील इतर कांहीं केंद्रांत परदेशी लशीच्या दोन व तीन मात्रांची तुलना आरंभिली होती. २०१० सालीं दुसऱ्या एका प्रकल्पांतील कांहीं मुलींच्या मृत्यूंमुळें सरकारनें असें सर्व लसीकरण थांबविलें. ते मृत्यू बहुधा लशीमुळें झालेले नसून संमति घेण्याच्या पद्धतींत मात्र दोष होते, असें चौकशींत निष्पन्न झालें. त्या खंडामुळें हजारों मुलींना एकच मात्रा मिळाली; आणि दहा वर्षांच्या निरीक्षणांत दिसलें कीं, १६ व १८ या जातींच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेंहि ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालें होतें.

दुसरा उपाय तपासणीचा. पूर्वींच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र व बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनीं तो चालविला. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एकदांच केलेल्या एचपीव्हीच्या तपासणीनें, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेनें, या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना शिकवून साध्या शिरक्याच्या द्रावणानें तपासणी करविली, तेथें मृत्यू ३१ टक्क्यांनीं घटल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. या प्रयोगांतील तपासणीविना ठेवलेल्या गटांविषयीं पुढें नीतीचे प्रश्न विचारले गेले. त्या स्त्रियांचें ऋण मानून आपण या ज्ञानाचा उपयोग केला पाहिजे.

आपलीं शहरें शिकलेलीं आहेत, रुग्णालयें हांकेच्या अंतरावर आहेत. तरीहि गर्भाशयाचें नांव निघालें कीं घरांत सारे गप्प होतात. सासू बोलत नाहीं, सून विचारीत नाहीं, आणि पुरुषांना तो विषय आपला वाटत नाहीं. खालच्या थरांतील त्या पेशींत वर्तुळ दहा-पंधरा वर्षें मुक्यानें बसूं शकतें. घरानेंहि तितकींच वर्षें मुकें राहिलें, तर लाभ कोणाचा होतो हें सांगावयास नको. लस आधींच शिरलेल्या विषाणूला हुसकावून लावीत नाहीं, म्हणून ती नऊ ते चौदा या वयांतच देणें उत्तम. आणि तीस वर्षें उलटलेल्या प्रत्येक स्त्रीनें, लस घेतलेली असो वा नसो, तपासणी करून घ्यावी. रोगापूर्वींचे बदल त्या वेळीं सांपडले, तर बहुधा लहानशा उपचारानें काम भागतें. उद्यां सकाळीं आपल्या घरच्या वैद्यांना या दोन गोष्टी विचाराव्या, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.